हात बसला, पण डोळ्याचे काय?

ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्राच्या पेपरात बाजाराचा विषय आला की मुलांना हायसे वाटते. हे चित्र त्यांना पाठ असते. डावीकडे छत्रीखाली बसलेली भाजीवाली, तिच्यापुढे तीन टोपल्या, उजवीकडे पिशवी घेऊन पाठमोरा उभा असलेला माणूस, मागे दोन दुकानांच्या चौकटी आणि कोपऱ्यात एक झाड. हेच चित्र नागपूरचा मुलगा काढतो, कोल्हापूरची मुलगी काढते. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतून रोज दोनदा चालत शाळेत येणारी मुलेही तेच काढत आली आहेत. सुपारी हनुमानाच्या देवळापाशी रस्ता कसा आवळतो, दुकानाबाहेर लटकवलेल्या कापडांमुळे फुटपाथवर कशी रंगीत सावली पडते, एकाच भिंतीवर देवनागरी, उर्दू आणि रोमन पाट्या कशा एकमेकींना खेटून असतात, यांतले काहीही त्या कागदावर येत नाही.

मी बावीस वर्षे चित्रकला शिकवली. एका वर्षी सरावाच्या चित्रांचा गठ्ठा तपासताना माझ्या लक्षात आले की ही भाजीवाली मुलांना मीच दिली आहे. मला ती माझ्या शिक्षकांकडून मिळाली होती आणि त्यांना ती एखाद्या गाईडातून मिळाली असावी. तेव्हापासून ज्या मताशी माझे भांडण आहे, त्याचे खंडन मी इथे करणार आहे. ते मत असे : चित्रकला शिक्षकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळे प्रशिक्षण कशाला हवे?

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला अर्थ उरत नाही. म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडते. हे मत मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू येते, शिक्षकदालनात ऐकू येते, आणि सर्वांत जास्त ऐकू येते ते खुद्द कलाशिक्षकांच्या तोंडून. ते म्हणतात : गणिताचे पुस्तक बदलते, विज्ञानात नवे शोध लागतात, मूल्यमापनाच्या पद्धती बदलतात, म्हणून त्या शिक्षकांना उजळणी हवी. चित्रकलेत काय बदलते? वस्तुचित्रातला तांब्या पन्नास वर्षांपूर्वी होता तसाच आजही आहे. ए.टी.डी. किंवा ए.एम. या पदविका करताना हात बसतो, आणि बसलेला हात सायकल चालवण्यासारखा जन्मभर साथ देतो. शिवाय कला उपजत असते, प्रशिक्षणाने ती येत नाही. सुट्टी हा शिक्षकाचा हक्क आहे. मराठवाड्यातला मे महिना चाळीस अंशांच्या वर असतो. आणि सरकारी प्रशिक्षणांतून आजवर कोणाच्या हाती काय लागले?

यांतल्या शेवटच्या दोन-तीन मुद्द्यांत तथ्य आहे, त्यांच्याकडे नंतर वळते. पहिला मुद्दा मात्र मुळातच चुकीचा आहे, आणि तो कुठून आला हे पाहिले की चूक उघडी पडते.

मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाले. तिथे 1879 मध्ये शालेय ड्रॉइंगचे शिक्षण आले आणि 1893 मध्ये ड्रॉइंग शिक्षक घडवण्याचा वर्ग निघाला. त्या काळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती प्रमाण मानली जात होती. कारखान्यांना नक्षीकाम करणारे कुशल हात हवेत म्हणून तिकडे 1850 च्या दशकात 23 पायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला गेला होता : आधी सरळ रेषा, मग छापील नमुन्याची नक्कल, मग प्लास्टरचा नमुना, अशी चढण. अशा शिडीत शिक्षकाचे काम ठरलेले असते. आपण चढलेल्या पायऱ्या त्याने पुढच्याला चढवायच्या. शेवटची पायरी एकदा ओलांडली की त्याचे शिकणे संपले. ‘हात बसला म्हणजे झाले’ हे वाक्य या शिडीवरून आपल्याकडे उतरले आहे. ती शिडी ज्या कारखान्यांसाठी होती ते काळाआड गेले, वाक्य मात्र आपल्या शिक्षकदालनात राहिले.

आपल्या परंपरेचा कौल याच्या नेमका उलट आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेयाकडे मूर्ती घडवायला शिकायला जातो. ऋषी सांगतात की चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही. चित्रासाठी नृत्य जाणावे लागेल, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. राजाला मागे मागे जावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने विद्यार्थी व्हावे लागते. शिकणे संपलेला कलावंत या संवादात कुठेच नाही. चित्राची षडंगे ए.टी.डी.च्या वर्गात आपण सगळ्यांनी पाठ केली : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. यांतले हाताने सांभाळायचे असे प्रामुख्याने शेवटचे, रंग मिसळण्याचे आणि कुंचला चालवण्याचे. बाकीची पाहण्यावर आणि जाणण्यावर उभी आहेत. हात बसतो हे खरे आहे. डोळाही बसतो. पण हात बसतो म्हणजे सवयीचा होतो, आणि डोळा सवयीचा झाला की पाहायचे थांबतो.

चित्रकलेत नवे काही कळत नाही, हेही खरे नाही. अजिंठ्याच्या चित्रांना आपण वर्गात सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तसे म्हटले होते. विसाव्या शतकातल्या रासायनिक तपासण्यांनी दाखवले की तो ओल्या चुन्यावरचा फ्रेस्को नाही. माती आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग, असे ते काम आहे. रंग बहुतेक इथल्याच मातीदगडाचे आहेत : गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी. लाजवर्दी निळा तेवढा दुरून आणलेला. ज्या जिल्ह्यात ही लेणी आहेत, त्याच जिल्ह्यातल्या वर्गांत आपण शंभर वर्षांपूर्वीचे ज्ञान शिकवत असू, तर उजळणीची गरज गणिताच्या शिक्षकापेक्षा आपल्याला कमी आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

अजिंठ्याचे नाव निघालेच आहे तर थोडे तिथेच थांबते, कारण शिक्षक कसा घडतो याचा सर्वांत बोलका पुरावा तिथे आहे. जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स साउथ केन्सिंग्टनच्याच मुशीत घडलेले. त्यांनी 1872 ते 1885 या काळात पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी बरोबर घेऊन भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या पुष्कळ पुढे लंडनमधल्या एका आगीत जळाल्या. त्यानंतर 1909 आणि 1910 च्या हिवाळ्यांत लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम आल्या. तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते. इटलीतल्या जुन्या टेंपेरा पद्धतीच्या त्या जाणकार होत्या, चेन्निनो चेन्निनी याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या नावावर होता. हात त्यांचा कधीच बसला होता. तरी त्या लेण्यांत येऊन मचाणावर उभ्या राहिल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा होते, आणि हैदराबाद संस्थानातून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन होते. नंदलाल तेव्हा 27 वर्षांचे, अवनींद्रनाथांकडे शिकून तयार झालेले. पुढे 1922 पासून त्यांनी शांतिनिकेतनात कलाभवनाची धुरा वाहिली. निसर्गात बसून रेखाटणे आणि अभ्याससहली हा त्यांच्या अध्यापनाचा कणा होता. एका भावी शिक्षकाने काही आठवडे एका भिंतीसमोर शिष्य म्हणून काढले, आणि त्याचे ऋण देशभरातल्या कलाशिक्षणावर आहे. सय्यद अहमद तर पुढे अजिंठ्याचेच झाले. निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे त्यांनी या लेण्यांची निगराणी केली.

यावर कोणी म्हणेल, हे मोठे कलावंत, शाळेतल्या बाईंचा त्यांच्याशी काय संबंध? म्हणून शाळेतल्याच एका बाईंचे उदाहरण देते. जॉर्जिया ओ’कीफ हे नाव आज जगभर माहीत आहे. 1912 मध्ये त्यांनी चित्रे काढणे जवळजवळ सोडले होते. त्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कलाशिक्षकांच्या वर्गात त्या बसल्या. तिथे अलन बेमेंट हे आर्थर वेस्ली डाऊ यांची पद्धत शिकवत : नक्कल बाजूला ठेवा, कागदाची जागा रेषेने आणि गडद-फिकट छटांनी कशी भागायची ते पाहा. डाऊंनी स्वतः 1891 पासून मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचला अशीच उन्हाळी शाळा चालवली होती. त्या वर्गानंतर ओ’कीफ टेक्सासमधल्या अमारिलोला शाळांमध्ये चित्रकला शिकवायला गेल्या. पुढची काही वर्षे उन्हाळ्यात त्या व्हर्जिनियाला बेमेंट यांच्या मदतनीस म्हणून परतत राहिल्या. एका उन्हाळी वर्गाने प्रत्येक कलाशिक्षक थोर चित्रकार होईल असे मी म्हणत नाही. थांबलेला शिक्षक पुन्हा चालू लागतो, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

आता पूर्वपक्षातल्या खऱ्या मुद्द्यांकडे. सुट्टी हा हक्क आहे, हे मला मान्य आहे. शिक्षकाच्या सुट्टीचे लचके आधीच तोडले जातात : कधी निवडणूक, कधी सर्वेक्षण, कधी उत्तरपत्रिका. कलाशिक्षकाच्या वाट्याला वर्षभर आणखीही काही येते. बदली तास त्याचे, सूचनाफलक त्याचा, स्नेहसंमेलनाचे नेपथ्य त्याचे, पाहुणे आले की दारातली रांगोळी त्याची. अशा माणसाच्या मे महिन्यावर हात टाकायचा तर त्याची भरपाई झालीच पाहिजे. सुट्टीत काम केले तर त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याची तरतूद सेवानियमांत आहे, ती इथे न मागता लागू व्हावी. प्रवासखर्च आणि रंग-कागद शिक्षकाच्या खिशातून जाऊ नयेत. ही अट पुरी होत नसेल तर या प्रशिक्षणाला मीही विरोध करीन.

पण सुट्टीच का, हा प्रश्न उरतो. शाळेच्या दिवसांत कलाशिक्षकाला सलग वेळ मिळतो तो एका तासिकेचा. त्यात उपस्थिती, कागदवाटप आणि पाण्याची भांडी यांत दहा मिनिटे जातात. एखाद्या गोष्टीकडे सलग चार तास पाहणे हे त्या चाकोरीत अशक्य आहे. दिवाळीची सुट्टी लहान असते आणि घरच्या कामांत जाते, तरी अजिंठ्याला जायचे तर तेच दिवस बरे, मे महिन्यात ती दरी तापते. पण सलग दहा-बारा सकाळी फक्त उन्हाळाच देऊ शकतो.

सरकारी प्रशिक्षणांबद्दलची तक्रारही खोटी नाही. एका प्रशिक्षणात मी पाच दिवस बसले. दुपारचे ऊन, वर गरम हवा फिरवणारे पंखे, आणि पडद्यावर एकामागून एक सरकणारी वाक्ये. सगळ्या विषयांचे शिक्षक एकत्र होते. त्या पाच दिवसांत माझ्या हातात पेन्सिल आली ती फक्त हजेरीची सही करायला. अशी प्रशिक्षणे वाईट आहेत, हे मान्य. त्यावरून प्रशिक्षणच नको असे ठरत नाही. वेगळे प्रशिक्षण हवे, असेच त्यातून सिद्ध होते.

ते आजवर का झाले नाही, याचे कारण मला रचनेत दिसते. कलाशिक्षकाची पदविका कला संचालनालयाच्या परिघातली, म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडची. त्याची नोकरी शालेय शिक्षण विभागाकडची. एक विभाग त्याला घडवून सोडून देतो, दुसरा त्याला नेमतो, पण त्याच्या विषयाचे त्याला काही शिकवत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला, तेही शंभराहून अधिक पट असेल तिथे, कलेसाठी अंशकालीन निदेशक एवढीच अपेक्षा आहे. दुसरीकडे नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सांगते. ते तास आज पुष्कळदा पडद्यावरच्या घटकांत भरून निघतात. कलाशिक्षकाने ते डोळ्यांनी आणि हातांनी भरले तर धोरणाला काही बाधा येत नाही. रोज चार तासांच्या दहा सकाळी म्हणजे 40 तास होतात.

त्या दहा सकाळी कुठे काढायच्या? माझे उत्तर गुलमंडी हे आहे, आणि ते मी हट्टाने देते. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. भोवतीच्या गल्ल्यांची नावे पाहा : रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा. रंग, माती, धातू आणि दागिना. कलाशाळेचे विभाग मांडायला बसलो तर याहून वेगळे काय मांडू? आज त्या गल्ल्यांत ते धंदे पूर्वीसारखे उरलेले नाहीत, पण नावांमागे हे शहर कसे घडले याचा नकाशा आहे. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तिचे पुढे औरंगाबाद झाले, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. प्रत्येक राजवटीबरोबर कारागीर आले आणि त्यांनी आपापली गल्ली धरली.

सकाळी साडेसहाला गुलमंडीत दुकानांची शटरे बंद असतात. उन्हाची तिरपी पट्टी वरच्या मजल्यांवरून उतरत असते. जुन्या लाकडी सज्ज्यांचे यथादर्शन वर्गात फळ्यावर खडूने शिकवता येत नाही इतके स्पष्ट दिसते. आठनंतर हातगाड्या येतात, मग माणसे. आम्ही चार-पाच कलाशिक्षिका एका मे महिन्यात काही दिवस अशाच येऊन बसलो होतो. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी छत्रीखालची तीच भाजीवाली काढली, समोर ती नसताना. तिसऱ्या दिवशी एकीच्या कागदावर शटर उचलताना वाकलेली एक पाठ आली. ती पाठ कोणत्याही गाईडात नव्हती. जूनमध्ये तिच्या वर्गातल्या मुलांच्या स्मरणचित्रांत पाठमोरी माणसे वाकलेली, उचलणारी, ओढणारी दिसू लागली. तिने मुलांना काही वेगळे सांगितले नव्हते. ती स्वतः वेगळे पाहायला लागली होती.

अक्षरलेखनाच्या पेपरासाठी आपण मुलांना चौकटी आखून ठोकळा अक्षरे गिरवायला लावतो. गुलमंडीकडून सिटी चौकाकडे चालत गेले तर एकाच रस्त्यावर दोन लिपींची शास्त्रे भेटतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते, आणि तिच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला तिरका असतो. उर्दूची नस्तालिक वरून खाली डावीकडे घसरत येते, आणि तिच्या अक्षरांचे प्रमाण कलमाच्या टोकाने टाकलेल्या चौकोनी नुक्त्यांनी मोजतात : अलिफ इतक्या नुक्त्यांची उंच, बे इतक्या नुक्त्यांची रुंद. षडंगांतले ‘प्रमाण’ याहून सोपे करून कोणते पुस्तक दाखवील? फ्लेक्स आल्यापासून हाताने पाट्या रंगवणारे पेंटर कमी होत गेले. जे आहेत त्यांना मानधन देऊन दोन सकाळी शिक्षकांसमोर बसवावे. शिक्षकाने त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

संकल्पचित्राचे तसेच. गाईडातल्या पानाफुलांऐवजी शिक्षकाने एकदा हिमरू कापडाच्या मागाजवळ बसावे. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि नक्षी म्हणजे मोजलेल्या धाग्यांचा हिशोब. पैठण इथून पन्नासएक किलोमीटरवर. पैठणीच्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा का दिसतो, हे मागावर पाहिले की पुनरावृत्ती आणि समतोल या शब्दांना अर्थ येतो. भूमितीच्या पेपरासाठी बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या आहेत. कंपास घेऊन त्या उलगडायला बसलेल्या शिक्षकाला अष्टकोनाची रचना मुलांकडून पाठ करून घ्यावी लागणार नाही. दुपारी उन्हात कोणी फिरू नये. किलेअर्कातल्या शासकीय कला महाविद्यालयाच्या सावलीत सकाळची रेखाटने भिंतीवर लावावीत आणि एकमेकांची बघावीत.

राहिला परीक्षेचा आक्षेप. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीत सात गुण, ब ला पाच, क ला तीन. पालकांना ते हवे असतात, त्यात गैर काही नाही. पण त्या पेपराचे नावच स्मरणचित्र आहे, आणि पाहिलेले असल्याशिवाय स्मरण कशाचे होणार? ग्रेडचे पेपर तपासणाऱ्यांपुढे एकाच साच्याची शेकडो चित्रे येतात. त्यांत खरा बाजार पाहिलेले एक चित्र आले तर त्याची श्रेणी घसरेल, ही भीती मला निराधार वाटते.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांच्या कलाशिक्षकांसाठी दर मे महिन्यात दहा सकाळी, अर्जित रजेसह, 50 तासांत मोजल्या जाव्यात. ती मान्य होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. या भागात शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सांगते : मेच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला मी सुपारी हनुमानापाशी असेन. वही आणि शिसपेन्सिल आणा. पाण्याची बाटली विसरू नका.